मागची रांग

गुरुवार

मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला आली तेव्हा रात्र झाली होती. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि दोनशे पानी वही. पीठ नि आमसुलं भाचीला, वही मला. जावई स्टेशनवर घ्यायला आले होते. ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरून लोकल धरली, दिघा गेलं की ऐरोली. हातपाय धुऊन खिचडी खाल्ली आणि मग भाचीने फ्रिजवर लावलेला कागद दाखवला. वाशीत तीन संध्याकाळी बॅले. शुक्रवारी ‘जिझेल’, शनिवारी ‘स्वान लेक’, रविवारी ‘ला बायादेर’. मोठ्या पडद्यावर रेकॉर्डिंग दाखवणार, आणि शनिवारी त्याआधी इथल्याच मुलींचा एक छोटा नाच प्रत्यक्ष. माझी नात ठाण्याच्या ज्या वर्गात बॅले शिकते, त्या वर्गानेच हे जुळवून आणलं होतं.

मी नाच शिकलेली नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि सव्वीस वर्षं गॅदरिंगचे नाच बसवले, एवढाच काय तो माझा अधिकार. बॅले पहिल्यांदा पाहिला तो कागदावर. लहानपणी घरी ‘सोव्हिएत देश’ यायचा, त्याच्या गुळगुळीत पानांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर एका पायाच्या बोटांवर उभी राहिलेली पांढऱ्या झग्यातली बाई होती. वर्षभर तिच्याकडे बघत मी डोंगर नि नद्या पाठ केल्या. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बॅले बघायला लागले. पण मोबाइलवर पुढची एक बाई दिसते, फार तर तिच्याबरोबरचा पुरुष. मागे काही पांढरं हलतंय एवढंच कळतं.

शुक्रवार

दिवसभर भाचीबरोबर कपाट आवरलं. संध्याकाळी ठाणे-वाशी लोकल. स्टेशनवरून रिक्षा केली, ती विष्णुदास भावे नाट्यगृहावरून गेली. पाटी वाचली आणि मनात तारखा जुळू लागल्या. इतिहासाच्या बाईंची ही खोड जात नाही. भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं ते 1843 साली. ‘जिझेल’ पॅरिसच्या ऑपेरात पहिल्यांदा झाला तो 28 जून 1841 रोजी. म्हणजे आपलं मराठी नाटक जन्माला येत होतं तेव्हा तिकडे ही पोर रंगमंचावर नाचून दोनच वर्षं झाली होती.

सभागृह लहान, शंभरेक खुर्च्या. केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या मुली, त्यांच्या आया, काही माझ्या वयाची माणसं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “हे आपल्याकडच्या बॅलेसारखंच असतं का?” प्रश्न बरोबर होता. आमच्या पिढीला बॅले म्हणजे नृत्यनाटिका. उदय शंकरांनी 1923 साली लंडनला अॅना पावलोवा या रशियन बॅले नर्तकीबरोबर राधा-कृष्ण केलं, पुढे स्वतःचा संच काढला, आणि मुंबईत शांती बर्धन यांनी 1952 साली लिटल बॅले ट्रूप उभा केला. तेव्हापासून वेषभूषा करून, संगीतावर, न बोलता गोष्ट सांगितली की आपण त्याला बॅले म्हणतो. त्यांना म्हटलं, गोष्ट सांगायची रीत तीच, पाय मात्र वेगळे.

जिझेल ही खेड्यातली, काळजाने अधू पोर. अल्ब्रेश्त नावाचा सरदार गावकऱ्याच्या वेषात येऊन तिच्याशी प्रेमाच्या आणाभाका घेतो. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं आहे हे उघड झाल्यावर ती वेडी होते आणि तिथेच मरते. पहिल्या अंकाने मला हातांनी जिंकलं. बॅलेत शब्द नाहीत, पण खुणांची भाषा ठरलेली आहे. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’. अंगठीच्या बोटाकडे बोट दाखवलं की ‘लग्न’. मुठी आवळून मनगटं समोर एकमेकांवर टाकली की ‘मरण’. जिझेलची आई तिला बजावते, फार नाचशील तर मरशील आणि रात्री भटकणाऱ्या पोरींमध्ये जाशील, तेव्हा या तिन्ही खुणा एका दमात येतात. नातीने त्या मला आदल्या रात्री जेवताना शिकवल्या होत्या, म्हणून अंधारात वाचता आल्या. वेडाचा प्रवेश आपल्या रंगभूमीला नवा नाही. पण इथे नटी केस मोकळे सोडून मघाशी प्रेमात केलेली तीच पावलं अर्धवट, चुकत चुकत पुन्हा करते. नाचणारीच पाऊल विसरते आहे, याहून मोठं वेड मला सुचत नाही.

आणि मग दुसरा अंक. लग्नाआधी फसवल्या गेलेल्या, मेलेल्या मुली. त्यांना विली म्हणतात. रात्री जंगलात येणाऱ्या पुरुषाला त्या मरेपर्यंत नाचवतात. आमच्याकडे कोंडीवर साती आसरा असतात, भर दुपारी एकट्या माणसाने तिथे उतरू नये म्हणतात. आजीने सांगितलेल्या त्या सातजणी मला कधी दिसल्या नव्हत्या. त्या वाशीत दिसल्या. पोटरीपर्यंत पांढरा झगा, छातीवर दुमडलेले हात, खाली वळवलेली नजर.

इथे पहिल्यांदा माझं लक्ष नायिकेवरून उडालं. विलींचे दोन गट समोरासमोरून येतात, एक पाय मागे आडवा उचललेला, दुसऱ्या पायावर लहान लहान उड्या घेत, आणि एकमेकींमधून आरपार निघून जातात. रांगेतून रांग काढणं काय असतं ते नाच बसवणाऱ्याला विचारा. मी खडूने जमिनीवर फुल्या मारायचे, तरी पोरी आदळायच्या, एखादी थांबून दुसरीला वाट द्यायची की सगळी रांग गेली. इथे कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारणीचा खांदा धरून चालल्या होत्या. मला ते कळलं आणि अंगावर काटा आला.

पहाटेची घंटा होते, विलींचं बळ जातं, अल्ब्रेश्त वाचतो. परतीच्या लोकलमध्ये भाची म्हणाली, “मावशी, तू एक शब्द बोलली नाहीस.” मी वहीत रांगांचे बाण काढत होते.

शनिवार

सकाळी खाडीवर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरती बघून बोट सोडतात. फेब्रुवारीतली कोवळी थंडी, दोन्ही बाजूंना तिवरं, डोक्यावरून ऐरोलीचा पूल, आणि मग एकदम गुलाबी पट्टा. रोहित पक्षी. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. शेकडो पक्षी डोकं उलटं करून चिखलाच्या पाण्यात चरत होते. जवळून बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मान कितीही वळू दे, पाठ हलत नाही. सगळी वळणं त्या न हलणाऱ्या पाठीतून निघतात. थवा उडाला तेव्हा आधी पुढचे धावले, मग मधले, आणि शेवटच्याने पाणी सोडेपर्यंत पहिले वळलेसुद्धा होते. वही घरी राहिली होती, म्हणून हे सगळं मनात धरून आणलं.

संध्याकाळी ‘स्वान लेक’. आधी चार मुली आल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या, ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या. चार लहान हंसिणींचा नाच: चौघी एकमेकींचे हात समोर कैचीसारखे गुंफतात आणि ते न सोडता शेवटपर्यंत नाचतात. हात अडकलेले, त्यामुळे तोल सावरायला काही नाही. चार डोकी एका वेळी डावीकडे, एका वेळी उजवीकडे, एका वेळी खाली. पाय तर इतके झरझर की मोजता येत नाहीत. मी मोबाइलवर हा नाच कितीदा पाहिला असेल, पण त्याला आवाज आहे हे माहीत नव्हतं. बुटांचा. लाकडी जमिनीवर चौघींच्या बुटांचा ठक ठक ठक ठक, आणि चौघींचा मिळून एकच ठोका. रेकॉर्डिंगमध्ये वाद्यवृंद तो झाकून टाकतो. शेवटून दुसऱ्या मुलीचा श्वास मला तिसऱ्या रांगेत ऐकू येत होता आणि चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. नाच संपल्यावर त्यांचे हात सुटले तेव्हा मनगटांवर बोटांचे लाल वळ उठले होते.

मग पडद्यावर पूर्ण बॅले. चायकोव्हस्कीचं हे संगीत 4 मार्च 1877 ला मॉस्कोत पहिल्यांदा नाचलं गेलं आणि लोकांना ते रुचलं नाही. चायकोव्हस्की 1893 साली गेला. आज आपण बघतो तो नाच 1895 चा, पीटर्सबर्गचा. नाव घेतात मारियस पतिपाचं. पण तळ्याकाठचे प्रवेश, ज्यांच्यासाठी जग हा बॅले बघतं, ते बसवले त्याचा सहायक लेव इवानोव याने. आयुष्यभर तो दुय्यम राहिला. हे मला पूर्वी नुसतं वाचून ठाऊक होतं. काल विली आणि सकाळी रोहित बघितल्यावर आज कळलं की या माणसाने पक्षी नीट बघितले असणार. मुलींचे हात पंखांसारखे हलतात ते कोपरातून नाही, पाठीतून.

तिसऱ्या अंकात काळी हंसिणी येते. गोरी ओडेट आणि काळी ओडील, दोन्ही एकच नटी करते. तिची ती प्रसिद्ध बत्तीस फिरकी: एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने झटका देत गोल फिरायचं, जागा न सोडता. पियेरिना लेन्यानी नावाच्या इटालियन नर्तकीने ती रशियात आणली. कथकच्या चक्करींप्रमाणेच इथेही डोकं सगळ्यात शेवटी वळतं आणि सगळ्यात आधी परत येतं, म्हणून भोवळ येत नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण माझं मन दुसऱ्या अंकात अडकलं होतं. तळ्याकाठी ओडेट आणि राजपुत्र संथपणे नाचत असतात, व्हायोलिन वाजत असतं, आणि त्या सगळ्या वेळात बाकीच्या हंसिणी दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या. एक पाय मागे टेकवलेला, हात खाली गुंफलेले, मान कलती. मिनिटांमागून मिनिटं. पायात गोळे येत असतील, नाकावर खाज येत असेल. हलायचं नाही.

मी त्यांच्यावरून नजर काढू शकले नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या शाळेत नाच बसवताना पुढच्या रांगेत कोण हे आधी ठरायचं. ज्यांना चांगली साडी आणता येईल, ज्यांचे पालक समितीवर आहेत, ज्या गोऱ्या आहेत. मी कधी वाद घातला, पुष्कळदा नाही घातला. उरलेल्या मागे. त्यांना मी सांगायचे, तुम्ही फक्त उभ्या राहा, हलू नका. एका कोळीगीताला एक मुलगी तीन वर्षं लागोपाठ मागच्या रांगेत डावीकडून दुसरी उभी राहिली. खांद्यावर टोपली धरून पूर्ण गाणं स्तब्ध. मला वाटायचं, हिला काही कामच नाही.

रात्री झोप लागली नाही. भाचीला उठवून सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

रविवार

सकाळी नातीबरोबर ठाण्याला तिच्या वर्गात. एका इमारतीचा पहिला मजला, भिंतभर आरसा, कडेने लाकडी दांडा. त्याला धरून मुली उभ्या. शिकवणाऱ्या ताई शब्द फ्रेंच उच्चारत होत्या, प्लिए, तांद्यू, आणि बाकी सगळं मराठी-हिंदीत: “गुडघा बाहेर, अगं बाहेर, पोट आत.” मांडीच्या खुब्यातून पाय बाहेर वळवायचे, हा सगळ्याचा पाया. भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे असेच बाहेर जातात. पण भरतनाट्यम जमिनीकडे बसतं आणि जमीन वाजवतं. इथे वळलेल्या पायाने वर जायचं आणि उतरताना आवाज करायचा नाही. माझ्या नातीला टाचा टेकवून, गुडघे वाकवून, पुन्हा सरळ व्हायचं, एवढं पाऊण तास करायला लावलं. ती अकरा वर्षांची आहे. बोटांवर उभं राहायचे बूट अजून नाहीत, घोटा आणि पाठ तयार झाल्याशिवाय देत नाहीत. ताईंनी ते ठामपणे सांगितलं आणि मला त्या आवडल्या.

त्यांनी एक जुना बूट माझ्या हातात दिला. मला वाटत होतं टोकाला लाकूड असतं. लाकूड नाही. कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून वाळवलेले, वरून साटीन. तळव्याखाली एक कडक पट्टी. फिती ज्याच्या त्याने स्वतः शिवायच्या. नवा बूट पायरीवर आपटून, पट्टी वाकवून मऊ करतात, म्हणजे कमी वाजतो. मोठ्या संस्थांतल्या नायिकेचा जोड एका प्रयोगातही संपू शकतो. कोपऱ्यात एका ताटलीत राळ ठेवलेली. घसरू नये म्हणून बुटाचं टोक त्यात दाबायचं. मी बूट कानाशी नेऊन टोकावर टिचकी मारली. कालचा तोच ठक.

कालच्या चौघींपैकी दोघी तिथे होत्या. मी त्यांना विचारलं, नाचताना काय बघता? एक म्हणाली, “काही नाही काकू, ऐकतो. शेजारचीचा श्वास.” दुसरीने बोटांवरचे चिकटपट्टीचे तुकडे काढून दाखवले.

दुपारी मिसळ, मग तलावपाळीवर एक फेरी, गडकरी रंगायतनसमोर कट्ट्यावर थोडं बसणं. उन्हात पाणी चमकत होतं.

संध्याकाळी ‘ला बायादेर’. ह्याची मला धाकधूक होती, कारण ही गोष्ट आपली, आणि लिहिलेली त्यांनी. पीटर्सबर्गला 4 फेब्रुवारी 1877 ला हा पहिल्यांदा झाला, ‘स्वान लेक’च्या बरोबर एक महिना आधी. मंदिरातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझत्ती, निकियावर डोळा ठेवणारा मुख्य ब्राह्मण. पवित्र अग्नीसमोर शपथ, फुलांच्या परडीत साप, त्याच्या दंशाने निकियाचं मरण. संगीत मिंकसचं, वॉल्ट्झच्या चालीचं. फकीर उड्या मारतात तो भाग मला बघवला नाही. आपली माणसं अशी दाखवली की वाईट वाटतं, आणि ते वाटलं असं मी शेजारी बसलेल्या ताईंना सांगितलं. त्यांनाही ते पटलं.

पण युरोपाला ही ओढ कुठून लागली, याचा एक धागा खरा आहे. 1838 साली दक्षिणेतल्या देवदासींचा एक संच पॅरिसला गेला होता. त्यातल्या अमनी नावाच्या नर्तकीवर तेओफिल गोतिए या कवीने भारावून लिहिलं. तीनच वर्षांनी याच गोतिएने ‘जिझेल’ची संहिता लिहिली, आणि 1858 साली पॅरिस ऑपेरासाठी कालिदासाच्या शकुंतलेवर बॅले लिहिला. आपलं ‘संगीत शाकुंतल’ अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात आणलं ते 1880 साली. बावीस वर्षं आधी शकुंतला पॅरिसमध्ये बोटांवर उभी होती. मी मुलांना किर्लोस्कर इतकी वर्षं शिकवले आणि ही तारीख त्यांच्यासमोर कधी ठेवली नाही, कारण मलाच ठाऊक नव्हती.

सोलोर दुःखात अफू ओढतो आणि त्याला छायांचं राज्य दिसतं. सगळा भारत, हत्ती, मंदिर, सोनं, एका क्षणात नाहीसं. निळसर अंधार आणि मागे एक उतरण. त्या उतरणीवर एक पांढरी मुलगी येते. एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मग पाठ मागे कलवून हात वर नेते, दोन पावलं चालते. तेवढ्यात तिच्यामागे दुसरी, तेच. मग तिसरी. एवढंच. दुसरं काहीच नाही. एक झुकणं, एक कलणं, दोन पावलं, आणि मुली येत राहतात. ही प्रत लंडनच्या रॉयल बॅलेची, चोवीस छाया. पीटर्सबर्गला बत्तीस करतात. उतरण नागमोडी आहे, त्यामुळे वरची रांग उजवीकडे जाते तेव्हा खालची डावीकडे येते आणि सगळा पडदा एकाच श्वासाने वर-खाली होतो.

मी मोजायला लागले आणि मग लक्षात आलं. शेवटी येणारीला ते पाऊल थोडकंच करायचं आहे. पहिली जी आली तिने ते सगळ्यात जास्त वेळा केलं. उतरणीवर, एका पायावर, पुढे कोणीच नाही जिला बघून चालावं, आणि मागे तेवीसजणी तिच्या लयीवर टांगलेल्या. ती हलली तर सगळ्या गेल्या. तिला गोष्टीत नाव नाही. ती फक्त छाया आहे.

मी रडले. भाचीने हात धरला आणि काही विचारलं नाही.

संपल्यावर नामावली सुरू झाली. नायक-नायिकांची नावं मोठ्या अक्षरांत सावकाश गेली. छायांची बारीक अक्षरांत, एकगठ्ठा, झरकन. लोक उठून चालायला लागले होते. मी यंत्रापाशी बसलेल्या मुलाकडे गेले आणि म्हटलं, बाळा, जरा मागे घेऊन थांबवशील का? त्याने थांबवलं. दिवे लागले होते, पडदा फिकट दिसत होता, तरी अक्षरं कळत होती. मी चष्मा पुसून एकेक नाव वाचलं, उच्चार जमेल तसा, आणि वहीत उतरवलं. नात शेजारी उभी राहून अक्षरं लावून देत होती. त्यात पहिली कोण ते काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून सगळी लिहिली.

सोमवार

सकाळची मांडवी, ठाण्याहून. खिडकी मिळाली. पनवेल सुटल्यावर वही काढली. छायांच्या नावांनंतरचं पान कोरं होतं. त्यावर वर लिहिलं: कोळीगीत, मागची रांग, डावीकडून. दुसरं नाव लगेच आलं, तेवढं कधी विसरले नव्हते. पहिलं रोह्याला आठवलं. तिसरीचा चेहरा समोर होता, वेणीला लावलेली लाल रिबीन होती, नाव येईना. चौथी नि पाचवी सख्ख्या बहिणी, त्या माणगावच्या आधी. खेड येईपर्यंत सात झाली. रांग अकराजणींची होती.

चिपळूणला उतरल्यावर घरी न जाता आधी शाळेत गेले. जुनी हजेरीपुस्तकं माडीवरच्या कपाटात आहेत, शिपाईमामांनी किल्ली काढून दिली.